पांडुरंगा, लेकीच्या वेळा सांभाळ

पांडुरंगा, तुझ्या घरी सगळं वेळेवर होतं. पहाटे काकडआरती करून तुला उठवतात. नित्यपूजा होते, दुपार व्हायच्या आत महानैवेद्य येतो, ऊन कललं की पोशाख, तिन्हीसांजेला धूपारती, आणि रात्री शेजारती झाली की तू निजतोस. माझ्या सासूबाईंचं माहेर पंढरपूरचं. त्यांना या वेळा इतक्या पाठ, की पुण्यातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरही त्या "देवाचा नैवेद्य झाला असेल आता" असं म्हणून पानं घेतात. त्याच देवापुढे मी आज दुसऱ्याच एका वेळापत्रकाचं गाऱ्हाणं घेऊन बसले आहे. हात जोडलेले आहेत, आणि पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्यात आहे, तेवढं समजून घे.

लेकीला नववा महिना चालू आहे. आतापर्यंत तिच्या दिवसात तीन झोपा होत्या. सकाळची, दुपारची आणि दिवेलागणीच्या आधीची छोटीशी डुलकी. ती डुलकी आता गळायला आली आहे. पाचला निजवावं तर डोळे टक्क उघडे. नाही निजवलं तर सातला भरवताना मान पुढे पडते. घास गालात तसाच, हनुवटीवर मुगाचं वरण, आणि पापण्या मिटलेल्या. मग जेवण अर्धवट राहतं, रात्री भुकेने जाग येते, सकाळी उठायला उशीर, की पहिली झोप लांबली, की दुसरी नेमकी मी कामात अडकलेली असताना येते. एक वेळ हलली की मागच्या सगळ्या हलतात. डॉक्टरबाई म्हणतात, या वयात हे व्हायचंच, चार-सहा आठवड्यांत दोन झोपांवर बसेल, आणि वर्ष उलटल्यावर पुढे कधीतरी एकीवर येईल. म्हणजे बसलेली घडी पुन्हा मोडायचीच आहे. मग देवा, घडी बसू दे असं तरी तुझ्याकडे कशाला मागू?

तुझंच बघ ना. आषाढी-कार्तिकी जवळ आली की चांगला दिवस पाहून तुझा पलंग काढतात. पाठीशी मऊ कापसाचा लोड देतात, आणि तू चोवीस तास दर्शनाला उभा. काकडा नाही, पोशाख नाही, धूपारती नाही, शेजारती नाही. नित्यपूजा आणि महानैवेद्य तेवढे राहतात. वर्षभर मिनिटामिनिटाला जपलेले राजोपचार, पण लेकरं चालत दाराशी आली की ते बाजूला ठेवतात, आणि यात्रा सरली की पुन्हा सुरू करतात. त्यात कुणाला देवाची शिस्त बिघडली असं वाटत नाही. विठाई, मला एवढंच शीक. वेळापत्रक असावं, पण ते मोडायची वेळ आली की मोडावं, आणि पुन्हा बसवताना कंटाळू नये.

पहिल्या दोन महिन्यांचं मी काही मागत नाही, ते सरले. पण तेव्हा विचारायचं राहून गेलेलं एक आज विचारते. पोटात होती तोवर रात्र झाल्याची खूण तिला माझ्याकडून मिळत होती. बाहेर आली आणि ती तुटली. झोप आणणारं मेलाटोनिन बाळाच्या अंगात नीट वेळेवर तयार व्हायला दोन-तीन महिने लागतात. तोवर दिवसाकाठी १४ ते १७ तास झोप, पण सगळी तुकड्यातुकड्यांनी, आणि पिणं ८ ते १२ वेळा. तुझी योजना मोठी बारीक आहे हे मान्य. आईच्या रात्रीच्या दुधात तिचं मेलाटोनिन उतरतं. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिनही रात्रीच वाढतं. म्हणजे रात्री पाजणं तू मुद्दाम ठरवलेलं आहेस. मग आईची झोपही रात्रीच का ठेवलीस, हे मात्र तुझ्या एकाही कीर्तनकाराने मला सांगितलेलं नाही.

सासूबाईंनी त्यावर त्यांच्या परीने तोड काढली. सकाळी सातला पडदे सरकवायचे, हिला मांडीवर घेऊन खिडकीत बसायचं, दिवसा घरात बोलणं-चालणं, कुकरच्या शिट्ट्या होऊ द्यायच्या. रात्री मात्र पाजताना दिवा लावायचा नाही, गप्पा नाहीत, लाड नाहीत. लंगोट बदलायचा तो देवघरातल्या छोट्या दिव्याच्या उजेडात. त्यांना मेलाटोनिनचं नावही ठाऊक नाही. पण डॉक्टरबाईंनी नंतर तंतोतंत हेच सांगितलं, तेव्हा आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, चेहऱ्यावरचा तो विजय तू पाहिला असशीलच.

असा प्रत्येक वेळी मेळ बसला असता तर बरं झालं असतं. गुटीच्या सहाणेवरून आमच्याकडे दोन दिवस अबोला होता. आईंना गुटी मधात उगाळून द्यायची होती, आणि वर्षाच्या आत मध द्यायचा नाही, त्यातल्या जंतूंनी बाळाला बोटुलिझम होऊ शकतो, हे डॉक्टरांच्या कागदावर ठळक लिहिलेलं. मग एप्रिल आला आणि पाण्यावरून सुरू झालं. "आपल्याला घसा कोरडा पडतो, तिला नाही का पडत?" आईच्या दुधात शंभरातले सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असतं, सहा महिन्यांपर्यंत वरून थेंबाचीही गरज नसते, हे मी सांगून थकले. शेवटी ओल्या लंगोटांनी निकाल दिला. दिवसाला सहा-सात भिजताहेत ना, मग अंगात पाणी पुरतं आहे. राईची उशी कपाटाच्या वरच्या खणात गेली, कारण बाळाला पाठीवरच निजवायचं आणि जवळ उशी, दुलई काही ठेवायचं नाही. ती उशी आईंनी स्वतः राई निवडून शिवली होती रे. म्हणून मागते, घरातल्या मोठ्यांची माया आणि दवाखान्यातला कागद, या दोघांच्या मधे मला वकील म्हणून उभी करू नकोस. आणि उभी केलीसच, तर आवाज खाली ठेवायची बुद्धी दे.

चौथ्या महिन्यात तू पुन्हा सगळं उधळलंस. तोवर एकदा डोळा लागला की दोन तास निजणारी पोर अर्ध्या-पाऊण तासात ताडकन उठायला लागली. तिच्या झोपेचे टप्पे मोठ्या माणसांसारखे होत होते. एक टप्पा संपला की ती वर यायची, आणि पुढच्यात शिरता नाही आलं की जागी. आता अशा काठावरच्या क्षणाला शांतता किती हवी! आणि नेमका तेव्हाच कुरिअरवाला बेल दाबणार, खाली भंगारवाला ओरडणार, वरच्या मजल्यावर कुणीतरी भिंतीत ड्रिल घालणार. देवा, त्यांचीही पोटं आहेत, त्यांना शाप देत नाही. फक्त त्यांची आणि हिची वेळ एक करू नकोस.

मात्र त्याच महिन्यात मी घड्याळाकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघायला लागले, हे तुझं देणं. झोप यायला लागली की आधी तिची नजर कुठेतरी लागते. खुळखुळा समोर धरला तरी मान वळवते. मग उजवा कान ओढते, नेहमी उजवाच. डोळे चोळते ते त्यानंतर. कान ओढताना उचललं तर पाच मिनिटांत निजते, डोळे चोळेपर्यंत थांबलं तर अर्धा तास आळवणी. भुकेचंही तसंच. आधी तोंड इकडेतिकडे फिरतं, मग मूठ तोंडात जाते, आणि रडणं सगळ्यांत शेवटी. रडायला लागलेलं मूल नीट पीतही नाही, आधी शांत करावं लागतं. सहाव्या महिन्यात दोन-अडीच तास जागी राहू शकणारी ही आता तीन तास टिकते. हे आकडे ढोबळ आहेत, उपयोगाचे आहेत, पण माझा खरा भरवसा त्या उजव्या कानावर. तो भरवसा टिकू दे. ती मला दाखवते आहे ते दिसण्याइतपत मला जागी ठेव.

अंगावर पाजता पाजता ती निजते, त्याला हल्ली वाईट सवय म्हणायची पद्धत आहे. ऑफिसातल्या एकीने मला गंभीर चेहऱ्याने विचारलं, "अजून पाजूनच झोपवतेस?" मी काही बोलले नाही. तुला सांगते, मला ती वाईट वाटत नाही. दिवसभर तिच्यापासून लांब असते, संध्याकाळी तेवढंच तर हातात उरतं. पुढे सुटेल तेव्हा सुटेल. या एका बाबतीत सल्ला देणाऱ्यांना दुसरं काहीतरी काम दे.

आता ऑफिसचं. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि रजा बारा आठवड्यांची सव्वीस झाली, त्यासाठी ज्यांनी खटपट केली त्या सगळ्यांचं भलं कर. पण हिशेबाचं काम करते म्हणून मला त्यातली वजाबाकी दिसते. सव्वीस आठवडे म्हणजे बरोबर सहा महिने, आणि डॉक्टर सांगतात सहा महिने फक्त आईचं दूध. ज्या बाईला बाळंतपणाआधी पाय सुजले, रक्तदाब वाढला म्हणून रजा काढावी लागली, तिचे तेवढे आठवडे मागून कापले जातात. माझं तेच झालं. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ दिलं पाहिजे, हेही त्याच दुरुस्तीने आलं. आमच्याकडे पाळणाघराच्या नावाने एक बंद खोली आहे, तिच्यात जुने प्रिंटर निजतात. मी दूध काढते ते स्टेशनरीच्या खोलीत, आतून कडी लावून, खोक्यावर बसून. बाहेर कुणी कडी वाजवली की पान्हा आटतो. शरीराला तू असं लाजाळू का केलंस? पण केलंस तर त्या दाराबाहेरच्या माणसाला दहा मिनिटं थांबायचं सुचव. आणि एसटीच्या स्टँडांवर, कचेऱ्यांत जिथे जिथे हिरकणी कक्षाची पाटी आहे, तिथे आत एक खुर्ची, एक पंखा आणि आतून लागणारी कडी असू दे. रायगडाचा कडा उतरून गेलेल्या बाईचं नाव दिलं आहे, कडीसाठी तरी बायकांना झगडायला लागू नये.

ते काढलेलं दूध घरी फ्रीजमध्ये जातं, डब्यावर तारीख-वेळ लिहून. चार दिवसांच्या आत संपवायचं, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवायचंच नाही. आई ते वाटी-चमच्याने पाजतात. माहेराहून आणलेलं चांदीचं बोंडलं त्यांनी हौसेने काढलं होतं, पण त्याच्या चोचीत दूध अडकून राहतं, उकळलं तरी खात्री वाटत नाही, म्हणून त्यांनीच ते परत ठेवलं. साधी वाटी बरी. देवा, ती वाटी धरणाऱ्या हाताला संधिवात आहे, हे मी वेगळं सांगायला नको. त्या हातांना जप.

सहा महिने पुरे झाले आणि उष्टावण झालं. मामाने सोन्याच्या अंगठीने खीर चाटवली. वर्षाच्या आत साखर-मीठ नको म्हणतात, त्या एका बोटाकडे तू आणि डॉक्टर दोघांनी काणाडोळा करा. दुसऱ्या दिवसापासून नाचणीचं सत्त्व. ते करताना आईंना बघणं हीच एक पूजा आहे. नाचणी धुऊन रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, पाणी घालत वाटायची, मग मलमलीतून गाळायची. पातेलं झाकून ठेवलं की रात्रीत सत्त्व तळाशी बसतं. सकाळी वरचं पाणी हलक्या हाताने ओतून द्यायचं आणि खालचा थर ताटात पसरून वाळवायचा. त्यातलं चमचाभर पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळलं की आधी पांढुरकं, मग एकदम चकाकी येते. ती आली की शिजलं. पहिल्या दिवशी तिने दोन चमचे खाल्ले आणि तिसरा आईंच्या पदरावर टाकला.

वरणाच्या पाण्यावरून पुन्हा वाद झाला असता, पण या वेळी अंगणवाडीताईने सोडवला. पाण्याने पोट भरतं, अंगी काही लागत नाही. चमचा तिरका केला तरी सांडणार नाही एवढं दाट हवं, डाळ-भात कुस्करून, वर तूप. सहा महिन्यांनंतर जन्मतः साठवलेलं लोह संपत येतं, म्हणून डाळ, पालेभाजी आणि ज्यांच्याकडे चालतं त्यांच्याकडे अंडंसुद्धा. आता नवव्या महिन्यात तीन-चार वेळा, अर्ध्या वाटीच्या बेताने, आणि दूध आहेच. पण हे सगळं बसवायचं कुठे, तर दोन झोपांच्या मधे. झोपेच्या तोंडावर भरवलं तर खात नाही, उठल्याउठल्या भरवलं तर चिडते. उठल्यावर तासाभराने ताट मांडलं तर टाळ्या वाजवून खाते. ती जागा मला सापडली आहे असं वाटतं तोवर झोप सरकते आणि ताट मागून धावतं. अन्नदाता तूच, तेव्हा ताटाला जरा पाय दे.

आणि विठाई, एक माझं स्वतःचं. यात्रा संपली की तुझी प्रक्षाळपूजा होते. इतके दिवस उभा राहून तू शिणलास म्हणून लिंबू-साखर चोळून गरम पाण्याने तुला न्हाऊ घालतात, पाठीमागचा लोड काढतात, पलंग पुन्हा घालतात, आणि रात्री काढा देतात. देवालासुद्धा थकवा येतो हे आपल्या लोकांनी ओळखलं, मला त्याचं फार अप्रूप वाटतं. सव्वा महिना बाळंतिणीला शेक-शेगडी, तेल, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर सगळं असतं. त्यानंतर ती बरी झाली असं धरून चालतात. पण जागरणं सव्वा महिन्यात कुठे संपतात? ती तर वर्षभराची यात्रा आहे. तिच्या बाबाच्या मनात येऊ दे, की रविवारी पहाटेचं उठणं त्याने घ्यावं, आणि मी न सांगता घ्यावं. तो वाईट नाही. त्याला ऐकू येत नाही एवढंच. त्याचे कान उघड.

आता माझं पुरे. वेळेआधी जन्मलेल्या, दूध ओढायची ताकद नसलेल्या बाळांना सांभाळ. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली, तेव्हापासून किती आयांनी आपलं दूध दुसऱ्याच्या लेकरासाठी दिलं असेल. त्यांना आणि त्या बाटल्या तापवणाऱ्या, मोजणाऱ्या परिचारिकांना दीर्घायुष्य दे. ज्या बाईला पान्हा फुटलाच नाही, जिला वरचं दूध द्यावं लागतं, तिला कुणी चार टोमणे मारले तर तिच्या बाजूने बोलायला कुणाला तरी पाठव.

शेवटचं मागणंही माझ्यासाठी नाही. दिवाळीच्या आगेमागे बीडकडची जोडपी ऊसतोडीला निघतात, ती उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहीत. पहाटे अंधारात कोपीतून निघायचं, फडाच्या बांधावर झाडाला झोळी बांधायची, आणि झोळीशी बसवायची सात-आठ वर्षांची थोरली बहीण. तिथे दोन झोपा की तीन, हे विचारायला कुणाला सवड नाही. रजेचा अर्ज नाही, स्टेशनरीची खोलीही नाही. उचल घेतलेली असते, आणि दिवस बुडाला तर खाडा मांडला जातो. पांडुरंगा, मुकादमाच्या मनात राहा. झोळीतल्या बाळाची आई कोयता खाली ठेवून पाजायला बसली, तर तेवढ्या वेळाचा खाडा तिच्या नावावर मांडू देऊ नकोस.